समुद्राचा तळ मोजणं : पाण्याखालचे रोबॉट, सोनार आणि लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

माझं काम सोनारचा (आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ मोजणाऱ्या यंत्राचा) डेटा साफ करायचं. म्हणजे सर्व्हेतून आलेल्या लाखो पॉइंटांमधून मासे, बुडबुडे आणि असेच खोटे ठिपके उडवायचे आणि उरलेला खरा तळ नकाशावर चढवायचा. हे कुणाला सांगितलं की ठरलेले पंधराएक प्रश्न येतातच, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

मॅपवर झूम केलं तर समुद्राचा तळ दिसतो की, मग परत मोजायचं कशाला?

ते जे दिसतं ना, त्यातला बराचसा भाग कुणी मोजलेलाच नाहीये, तो अंदाज आहे. पाण्याखाली मोठा डोंगर असला की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचं पाणी त्याच्याकडे ओढलं जातं आणि वरच्या पृष्ठभागाला मीटर-दोन मीटरचा फुगवटा येतो, सॅटेलाइट रडारने तो फुगवटा मोजतं आणि त्यावरून खाली डोंगर असणार असं गणित मांडलं जातं. आयडिया जबरदस्त आहे, पण त्यात काही किलोमीटरपेक्षा बारीक काही दिसत नाही. छोटा डोंगर अख्खा सुटतो. २००५ च्या जानेवारीत 'सॅन फ्रान्सिस्को' नावाची अमेरिकन अणुपाणबुडी ग्वाम बेटाच्या दक्षिणेला अशाच एका डोंगरावर भरवेगात आदळली, एक खलाशी गेला. ज्या चार्टवर, म्हणजे समुद्री नकाशावर, ते चालले होते त्यात तो डोंगर नव्हता.

सोनारने नीट मोजलेला तळ किती, तर २०१७ मध्ये 'सीबेड २०३०' हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा जेमतेम ६ टक्के होता आणि २०२५ च्या जूनमध्ये त्यांनी २७.३ टक्के आकडा दिला. म्हणजे अजून जवळपास तीन चतुर्थांश बाकी आहे.

कॅमेरा का नाही सोडत खाली? एवढे भारी कॅमेरे आलेत.

सोडतात, पण शेवटी. प्रकाश पाण्यात फार लांब जातच नाही. अगदी स्वच्छ पाण्यात तगडे लाइट लावूनसुद्धा तळापासून पाच-दहा मीटरवर आल्याशिवाय कामाचा फोटो येत नाही, आणि गढूळ पाण्यात तर हात पुढे केला तरी दिसत नाही. सूर्यप्रकाश २०० मीटरच्या खाली नावाला उरतो, १००० मीटरच्या खाली ठार काळोख. रेडिओ लहरींचं तर विचारूच नका, खारं पाणी त्या गिळून टाकतं. राहतो तो आवाज. तो पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त, आणि किलोमीटरच्या किलोमीटर टिकतो. म्हणून आधी आवाजाने शोधायचं आणि संशयित जागा सापडली की मग कॅमेरा घेऊन जवळ जायचं.

सोनार म्हणजे नक्की काय? सगळे सोनार सारखेच का?

तत्त्व एकच, आवाज सोडा, प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजा, निम्मा करा, वेगाने गुणा, झाली खोली. ४००० मीटर खोल पाण्यात एक पिंग, म्हणजे एकदा सोडलेला आवाज, जाऊन यायला पाच सेकंदांहून जास्त लागतात, पहिल्यांदा हे बघताना वाटतं मशीन अडकलं की काय. सोनार यायच्या आधी लोक दोरीला वजन बांधून खाली सोडायचे, १८७५ मध्ये 'चॅलेंजर' जहाजाने मारियाना खंदकाजवळ असंच ४४७५ फॅदम, म्हणजे आठ किलोमीटरहून जास्त मोजलं होतं. एका मापाला तासन्‌तास जायचे.

प्रकार बरेच आहेत. बीम म्हणजे आवाजाचा झोत. सिंगल बीम म्हणजे बरोबर खाली एकच माप. मल्टीबीम म्हणजे पंख्यासारखे शेकडो बीम एकदम, त्यामुळे बोट पुढे गेली की मागे मोजलेल्या तळाचा रुंद पट्टा तयार होतो, खोलीचा खरा नकाशा यातून मिळतो. सब-बॉटम प्रोफायलर खालच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज वापरतो, तो चिखलात घुसून आतले थर दाखवतो, केबल किंवा पाइपलाइन पुरायची असेल तर हा लागतोच.

आणि साइड स्कॅन. हा माझा लाडका. हा दोन्ही बाजूंना तिरका आवाज टाकतो आणि तळाचं जवळजवळ फोटोसारखं चित्र देतो. गंमत म्हणजे यात वस्तूपेक्षा तिची सावली जास्त बोलते. बुडालेल्या बोटीचं लाकूड कुजून सोनारवर खडकाच्या ढिगासारखं दिसतं, पण त्याच्या मागे पडलेल्या काळ्या सावलीत डोलकाठी सरळ उभी दिसते! सावलीवरून उंचीही काढता येते. समजा सोनार तळापासून २० मीटर वर आहे, सावली १० मीटर लांब आहे आणि सावलीचं टोक सोनारपासून १०० मीटरवर आहे, तर १० गुणिले २० भागिले १००, वस्तू २ मीटर उंच. शाळेतल्या समरूप त्रिकोणांचा हा एवढा रोकडा उपयोग मला दुसरीकडे कुठे झाला नाही. फक्त साइड स्कॅनला बरोबर खालचं नीट दिसत नाही, मधे एक आंधळी पट्टी राहते, ती शेजारच्या लाइनने, म्हणजे बाजूने मारलेल्या पुढच्या फेरीने, झाकून घ्यावी लागते.

सोनार जहाजाच्या तळाला लावता येतो, मग रोबॉट कशाला?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. टॉर्च घेऊन भिंतीजवळ उभे राहा, ठिपका छोटा आणि लख्ख पडतो, मागे मागे जा, ठिपका पसरतो आणि फिका होतो. सोनारचा बीम तसाच. चांगल्या मल्टीबीमचा बीम १ अंशाचा असतो. जहाज ४००० मीटर पाण्यावर असेल तर तो एक बीम तळावर सुमारे ७० मीटर रुंद जागा व्यापतो, म्हणजे त्या ७० मीटरमध्ये विमान पडलेलं असो की ट्रक, आपल्याला एकच आकडा मिळणार. तोच सोनार रोबॉटला बांधून तळापासून ५० मीटरवर नेला की ठिपका एक मीटरच्या आत येतो. शिवाय जवळून काम असल्यामुळे हाय फ्रिक्वेन्सी वापरता येते. खोल पाण्यात जहाजावरून १२ किलोहर्ट्झच्या आसपासचा जाड आवाज वापरावा लागतो कारण बारीक आवाज वाटेतच विरतो, रोबॉटवर मात्र ४०० किलोहर्ट्झ सहज चालतो आणि बारीक तपशील त्यातच असतो.

एअर फ्रान्सचं ४४७ नंबरचं विमान १ जून २००९ ला अटलांटिकमध्ये पडलं. दोन वर्षं वेगवेगळ्या तऱ्हेने शोध झाला. शेवटी २०११ च्या एप्रिलमध्ये 'रेमस ६०००' जातीच्या रोबॉटांनी तळाजवळ फिरून साइड स्कॅनवर अवशेष पकडले, खोली जवळपास ३९०० मीटर. चौथी शोधफेरी सुरू झाल्यावर काही दिवसांत सापडलं.

मग सगळा समुद्र रोबॉटनेच का नाही मोजत?

हिशोब करून बघा. रोबॉट सेकंदाला दीड मीटर चालतो, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. लाइनी १५० मीटरवर आखल्या तर एक चौरस किलोमीटरला सात लाइनी, सात किलोमीटर, वळणं धरून दीड-दोन तास. तेच जहाज खोल पाण्यात १० नॉट्सने, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरने चाललं आणि पट्टा १२ किलोमीटर रुंद मिळाला तर तासाला दोनशेहून जास्त चौरस किलोमीटर करून मोकळं होतं. म्हणून आधी जहाजाने ढोबळ नकाशा करायचा आणि मग जिथे काही वाटतंय तिथेच रोबॉट सोडायचा.

हा क्रम चुकला की काय होतं ते एमएच३७० या बेपत्ता विमानाच्या शोधात दिसलं. एप्रिल २०१४ मध्ये 'ब्लूफिन-२१' नावाचा रोबॉट पहिल्यांदा पाण्यात सोडला, तर तिथला तळ त्याच्या ४५०० मीटरच्या मर्यादेपेक्षा खोल निघाला आणि तो आपोआप काम सोडून वर आला. चूक रोबॉटची नव्हती, त्या भागाचा धड नकाशाच कुणाकडे नव्हता. नंतर शोध दुसऱ्या भागात सरकला, तिथे जहाजांनी आधी तळ नीट मोजला आणि मग शोधलं, त्यात एकोणिसाव्या शतकातली दोन बुडालेली जहाजं सापडली, विमान काही सापडलं नाही आणि १,२०,००० चौरस किलोमीटर धुंडाळून २०१७ च्या जानेवारीत तो शोध थांबवला.

आरओव्ही आणि एयूव्ही यात फरक काय?

दोन्ही पाण्याखालचे रोबॉटच. आरओव्ही म्हणजे पतंग, मांजा आपल्या हातात. केबलमधून वीज खाली जाते, व्हिडिओ वर येतो, पायलट जॉयस्टिकने चालवतो, हात लावून काम करायचं असेल, वाल्व फिरवायचा, नमुना उचलायचा, तर हाच. एयूव्हीला केबल नसते. त्याला सकाळी यादी देऊन बाजारात पाठवायचं आणि संध्याकाळी पिशवीत काय आणलं ते बघायचं, कारण पाण्याखालून आवाजाच्या मोडेमने फार तर 'मी ठीक आहे, इथे आहे, बॅटरी एवढी आहे' एवढंच कळतं, सोनारचं चित्र त्यातून येत नाही. मोठ्या एरियाला एयूव्हीच बरा, केबल ओढत कुठे फिरणार. तिसरा प्रकार म्हणजे केबलने मागे ओढायचा सोनार, त्याला टो-फिश म्हणतात, यात रोबॉटपणा काही नाही पण जगातला कितीतरी सर्व्हे आजही त्यावरच होतो. १९८५ मध्ये टायटॅनिक सापडलं तेही असंच खोल पाण्यात ओढत नेलेल्या कॅमेऱ्यांच्या यंत्रणेने.

एवढ्या दाबाने तो चिरडत नाही का?

दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. ६००० मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ६०० किलो. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्स टायटॅनियमच्या किंवा जाड काचेच्या गोळ्यात असतं, मोटारींसारख्या गोष्टींमध्ये तेल भरलेलं असतं कारण तेल फारसं दबत नाही, आणि तरंगण्यासाठी साधा फोम चालत नाही, काचेचे सूक्ष्म फुगे रेझिनमध्ये घोळवलेला खास फोम लागतो.

पाण्याखाली जीपीएस चालतं का? मग रोबॉटला कळतं कसं आपण कुठे आहोत?

नाही चालत. आणि इथेच खरा घाम निघतो. तळाचं चित्र कितीही सुंदर असलं तरी ते नक्की कुठलं आहे हे कळत नसेल तर ते चित्र भिंतीवर लावा, नकाशावर नाही.

रोबॉटमध्ये जायरो आणि अॅक्सिलरोमीटर, म्हणजे वळणं आणि वेगातला बदल टिपणारे सेन्सर असतात, ते प्रत्येक हालचाल जोडत जातात. नुसतं तेवढ्यावर सोडलं तर चूक तासागणिक फुगत जाते. म्हणून जोडीला डॉपलर लॉग असतो, तो तळाकडे आवाज टाकून आपण तळाच्या मानाने किती वेगाने सरकतोय ते मोजतो. दोन्ही मिळून चांगल्या सेटअपमध्ये चूक अंतराच्या ०.१ टक्क्याच्या आसपास राहते, म्हणजे २० किलोमीटर चालल्यावर २० मीटर. पण डॉपलर लॉगला तळ दिसायला हवा, त्याची पोच काहीशे मीटर. चार किलोमीटर खाली उतरताना मधल्या पाण्यात ना आकाश दिसतं ना तळ, त्या तासा-दोन तासांत प्रवाह त्याला कुठल्या कुठे नेऊन ठेवतो. म्हणून वरचं जहाज आवाजाने त्याची दिशा आणि अंतर मोजत राहतं आणि खाली पोचल्यावर 'बाबा रे, तू इथे आहेस' असं सांगतं.

लाइनी आखतात त्या नांगराच्या तासांसारख्या, एक जाताना एक येताना, शेजारच्या दोन पट्ट्यांनी एकमेकांना थोडं झाकायचं. त्या झाकलेल्या भागात एकच खडक दोन्ही लाइनींत एकाच जागी येतो का हे बघायचं. दोन जागी आला तर पोझिशन सरकलीय. सगळं झाल्यावर एक-दोन लाइनी आडव्या पण मारायच्या. वेळ नाही म्हणून लोक नेमक्या याच लाइनी गाळतात आणि मग माझ्यासारखे लोक आठवडाभर डोकं धरून बसतात.

आवाजाचा वेग १५०० धरून चालतं ना?

नाही! साधारण १४५० ते १५५० मध्ये तो हलतो. पाणी गरम झालं की वाढतो, मीठ वाढलं की वाढतो, खोल गेलं की दाबामुळे वाढतो. शिवाय नुसता वेगच बदलत नाही, थरांमधून जाताना आवाज वाकतो, ग्लासातला चमचा तुटल्यासारखा दिसतो ना तसं. मल्टीबीमचे कडेचे बीम तिरके जातात म्हणून ते जास्त वाकतात. चुकीचा वेग दिला की सपाट तळाच्या दोन्ही कडा वर उचललेल्या किंवा खाली पडलेल्या दिसतात, आम्ही त्याला हसरा तळ आणि रडका तळ म्हणतो.

एकदा नदीच्या मुखाजवळचं काम माझ्याकडे आलं, किनाऱ्याजवळचाच उथळ भाग. सकाळी वेगाचं प्रोफाइल, म्हणजे कुठल्या खोलीवर आवाजाचा वेग किती याचं माप, घेतलेलं, दुपारी भरती-ओहोटीने गोडं पाणी वर पसरलं, कुणी परत प्रोफाइल घेतलं नाही. दुपारनंतरची प्रत्येक लाइन हसत होती. एकामागून एक लाइन उघडतोय आणि सगळ्या दात काढतायत. सॉफ्टवेअरमध्ये थोडं दुरुस्त करता येतं, पण जे मोजलंच नाही ते कुठून आणणार, शेवटी निम्मं काम परत करावं लागलं. मोजायला लागली असती पाच मिनिटं.

सोनार बसवताना जरा तिरका बसला तरी असाच घोळ होतो. अर्धा अंश तिरका असेल तर १०० मीटर बाजूला खोली जवळजवळ ९० सेंटिमीटरने चुकते. म्हणून काम सुरू करायच्या आधी त्याच त्याच लाइनी उलटसुलट मारून तिरकेपणा शोधून काढतात, याला पॅच टेस्ट म्हणतात. ती न बघता मी डेटा हातात घेत नाही.

सोनारला फसवतं काय?

सगळंच. माशांचा थवा, बोटीच्या पंख्याचे बुडबुडे, तळातून निघणारा गॅस, दुसऱ्या सोनारचा आवाज. सगळ्यात मजेशीर म्हणजे खोटा तळ. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधायच्या कामात लोकांना काहीशे मीटर खोलीवर असा एक तळ दिसायचा जो चार्टवर नव्हताच, आणि कहर म्हणजे तो रात्री वर यायचा आणि दिवसा खाली जायचा. नंतर कळलं की ते छोटे मासे, कोळंबीसारखे प्राणी वगैरे आहेत, रात्री खायला वर येतात आणि उजाडलं की अंधारात परत जातात. माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून आवाज झकास परततो.

एआयने साफ होत नाही का डेटा?

ऐंशी-नव्वद टक्के कचरा सॉफ्टवेअर काढतं, चांगलं काढतं. पण पातळ उभी वस्तू, म्हणजे डोलकाठी किंवा तुटलेला खांब, त्याला कचरा वाटते आणि ते ती उडवतं. बोटीच्या पोटात घुसणारी वस्तू नेमकी तीच असते. म्हणून बंदराच्या कामात प्रत्येक एकट्या पॉइंटकडे माणूस बघतो. जिथे पाणी कमी आणि जहाजं मोठी अशा जागांसाठी आंतरराष्ट्रीय नियमावलीतला 'स्पेशल ऑर्डर' लावतात, त्यात बाजू एक मीटरपेक्षा मोठी असलेली ठोकळ्यासारखी एकही वस्तू सुटता कामा नये.

रोबॉट हरवतात का?

हरवतात. जपानचा 'काइको' १९९५ मध्ये जगातल्या सर्वात खोल जागी जाऊन आला होता, २००३ मध्ये त्याची केबल तुटली आणि गेला. ब्रिटनचा 'ऑटोसब-२' २००५ मध्ये अंटार्क्टिकातल्या बर्फाच्या कड्याखाली अडकला. अमेरिकेचा 'एबीई' दोनशेहून जास्त डुबक्या मारल्यानंतर २०१० मध्ये चिलीजवळ गेला, 'निरियस' २०१४ मध्ये न्यूझीलंडच्या ईशान्येला ९९०० मीटरवर. खोल जाणाऱ्या बहुतेक रोबॉटांना गडबड झाली की टाकून द्यायचं वजन असतं, ते पडलं की तो हलका होऊन वर येतो, वर आल्यावर लाइट लुकलुकतो आणि सॅटेलाइटवर जागा कळवतो. पण डोक्यावर बर्फ असेल किंवा मासेमारीचं जाळं अंगाभोवती गुंडाळलं असेल तर वजन टाकून उपयोग काय.

देवमाशांना त्रास होतो का?

होऊ शकतो, उगाच नाही म्हणण्यात अर्थ नाही. नौदलाचे पाणबुडी शोधायचे ताकदवान सोनार आणि चोचवाले देवमासे किनाऱ्याला लागणं याचा संबंध २००० मध्ये बहामाला स्पष्ट दिसला. सर्व्हेचे सोनार त्यापेक्षा अरुंद आणि छोट्या पिंगचे असतात, तरी २००८ मध्ये मादागास्करला डॉल्फिनच्या कुळातले शंभरेक प्राणी खाडीत शिरून अडकले तेव्हा तज्ज्ञांच्या समितीने १२ किलोहर्ट्झच्या मल्टीबीमकडेच बोट दाखवलं. रोबॉटचे तळाजवळचे हाय फ्रिक्वेन्सी सोनार थोड्याच अंतरात विरतात, त्यांची एवढी धास्ती नाही. मोठ्या जहाजावरून काम असेल तर पॉवर हळूहळू वाढवणं आणि डेकवर प्राण्यांवर नजर ठेवणारा माणूस, एवढं तरी हवंच.

कुठेही जाऊन सर्व्हे करता येतो का?

नाही. १९८२ च्या समुद्री कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात बाहेरच्या कुणाला संशोधन करायचं असेल तर त्या देशाची संमती लागते. बऱ्याच देशांत खोलीचा बारीक डेटा संरक्षणाचा विषय असतो. बुडालेलं जहाज सापडलं म्हणजे ते तुमचं झालं असंही नाही.

मला छोटा रोबॉट घेऊन घरच्या घरी शिकता येईल का?

येईल की. १०० मीटरपर्यंत जाणारे छोटे आरओव्ही मिळतात, मासे शोधायच्या फिश-फाइंडरमध्ये आता साइड स्कॅन असतो, आणि डेटा बघायला फुकट सॉफ्टवेअर आहेत. तलावापासून सुरुवात करा, परवानगी विचारून. पण पहिल्याच दिवशी काहीतरी शोधायला जाऊ नका. एक जुना टायर दोरी आणि बोया बांधून तळावर ठेवा, त्याची जागा लिहून घ्या, आणि त्याच्या बाजूने चारही दिशांनी लाइनी मारा. टायर चारही वेळा दिसायला हवा आणि एकाच जागी दिसायला हवा. माझ्या पहिल्या प्रयत्नात चार टायर आले होते, एकमेकांपासून नऊ-दहा मीटरवर, कारण जीपीएसचा अँटेना बोटीच्या एका टोकाला आणि सोनार दुसऱ्या टोकाला होता आणि मधलं अंतर मी कुठे भरलंच नव्हतं. टेपने मोजून ते भरलं, परत लाइनी मारल्या, मग एकच टायर उरला.